सापडलेला आवाज कोणाचा?

जव्हारच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीची एक टपरी होती. तिच्या फळीवर पुठ्ठ्याची पाटी टांगलेली असे : 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील'. दहा-वीस रुपयांत कार्ड गच्च भरून मिळे. दुकानदाराच्या संगणकात कप्पे पाडलेले होते. नवीन हिंदी, जुने हिंदी, भीमगीते, कव्वाली, आदिवासी. बाजाराच्या दिवशी पाड्यापाड्यांवरून उतरलेली पोरे तिथे रांग लावून उभी राहत. त्या रांगेत मीही उभा राहिलो आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे मुलांना 'दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊ नये' असे शिकवणारा मास्तर रांगेत उभा, आणि मागे उभा असलेला माझाच एक जुना विद्यार्थी मला म्हणतो, "गुरुजी, तुम्ही पुढे व्हा."

मी 'कव्वाली'चा कप्पा दोनदा भरून घेतला. शेकडो कव्वाल्या होत्या. पण एकाही कव्वालीवर गाणाऱ्याचे नाव नव्हते. 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२', 'सुपरहिट दर्गाह'. आवाज ओळखता आला तर ठीक, नाही तर ज्याने आयुष्य घालवून तो गळा कमावला, तो माणूस त्या कार्डात निनावी. 'आदिवासी' या कप्प्यात तर आणखी मौज होती. डीजेवर कुटलेली लग्नाची गाणी भरपूर. आणि ज्या वाद्यावरून हा मुलूख ओळखला जातो, तो तारपा मात्र शोधूनही मिळेना.

चोरीचा विचार मला त्या रांगेत शिवला नाही. मी स्वतःला सांगत होतो, की आपण दुर्मिळ संगीताचा शोध घेत आहोत. 'बाजारात मिळत नाही, मग करायचे काय?' हे वाक्य आपण सगळेच बोलतो. या वाक्यात खरे किती आणि सोय किती, हे तपासावे म्हणून हा लेख. (संगीत जायज की नाजायज, हा वाद इथे काढत नाही. ज्यांना ते ऐकायचेच नाही, त्यांच्यापुढे हा प्रश्नही नाही.)

आमच्या घरात संगीत आले ते उरुसातून. जव्हारच्या शाह सदरुद्दीन बद्रुद्दीन हुसैनी चिश्ती यांच्या दर्ग्याचा उरूस म्हणजे साऱ्या गावाचा सण. संस्थानाच्या काळापासून इथे हिंदू, मुसलमान, आदिवासी असा भेद उरुसाच्या गर्दीत फारसा कधी दिसला नाही. मुळात या गादीच्या राजांच्या नावात 'शाह' आहे. नेमशाहाला हा किताब दिल्लीच्या मुहम्मद बिन तुघलकाकडून मिळाला, असे संस्थानाचा इतिहास सांगतो. उरुसात रात्री कव्वालीचा फड रंगे. अब्बांनी एका वर्षी, ऐंशीच्या दशकात, उसना टेपरेकॉर्डर आणून भोंग्याखाली ठेवला आणि साठ मिनिटांची एक कॅसेट भरली. त्या कॅसेटची एक बाजू माझ्याजवळ अजून आहे, म्हणजे दोन्ही बाजू आहेत. पण दुसरीविषयी पुढे सांगतो.

त्या कॅसेटमधले गाणे काटेकोर कानाने ऐकले, तर फार उत्तम म्हणता येणार नाही. हार्मोनियम किंचित चढी, भोंगा फुटका, मधेच कोणी तरी 'बाजूला सरा' म्हणून ओरडतो. तरीही मी ती बाजारातल्या स्वच्छ ध्वनिमुद्रणांपेक्षा वर ठेवतो, आणि त्याला कारण आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. कव्वाली हा मुळात रात्रभराचा मामला. एक मिसरा धरायचा, त्याच्यावर गिरह लावायची, मैफलीतल्या एखाद्या बुजुर्गाची मान डोलली की तोच मिसरा दहा वेळा फिरवायचा. तबकडीने हे सारे कापले. उरला तो मुखडा, टाळ्या आणि दोन कडवी. 'अल हिलाल' (१९५८) या चित्रपटात इस्माईल आझाद यांनी गायिलेल्या कव्वालीने सारा हिंदुस्थान हलवला, आणि पुढे यूसुफ आझाद, शकीला बानो भोपाली, अझीझ नाझाँ, जानी बाबू यांनी मुंबईच्या कव्वालीला स्वतंत्र रंग दिला. यांच्या तबकड्या आणि कॅसेटी ऐकून वाढलेली आमची पिढी समजते, की कव्वाली म्हणजे तेवढेच. अब्बांच्या कॅसेटीत एक मिसरा सात मिनिटे चालतो. गाणारा दोनदा चुकतो, हसतो, पुन्हा पकडतो. ही चूक आणि ही पकड कोणत्याही कंपनीने छापली नसती.

आता कायद्याची गंमत पाहा. १९५७च्या प्रताधिकार कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे राहतो. आधी पन्नास होती; रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली, तेव्हा १९९२च्या दुरुस्तीने ती साठ झाली. म्हणजे 'अल हिलाल'ची ती तबकडी, निव्वळ ध्वनिमुद्रण म्हणून, २०१९ सालापासून मोकळी झाली. पण तिची चाल बांधणारे बुलो सी. रानी १९९३ साली वारले. संगीतकाराच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे मोजली, तर चालीवरचा हक्क २०५३ अखेरपर्यंत चालतो. एकाच गाण्यातला आवाज मोकळा आणि चाल बांधलेली! सामान्य श्रोत्याने हे गणित घालून मग कार्ड भरावे, अशी अपेक्षा कोणी करत नाही. खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी, समीक्षेसाठी योग्य त्या मर्यादेत केलेला वापर कायदाही गुन्हा मानत नाही. मात्र पाटी लावून गाणी विकणे या सवलतीत बसत नाही, आणि ती विकत घेणारा मी त्या सवलतीच्या आडोशाला उभा राहू शकत नाही, हेही तितकेच खरे.

शाहीर अमर शेख यांचे उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणारे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखांच्या सभा आवाजावर तोलणारे. आपल्या संमेलनांत त्यांचे नाव घेतल्याशिवाय भाषण पुरे होत नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून या मराठी-मुसलमान वारशाचे आपण किती गोडवे गायिले! पण शाहिराच्या कवितेवर लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचा आवाज ऐकलेला असतो? मी स्वतः त्यांच्यावर दोन भाषणे केली, तोवर त्यांचा आवाज ऐकला नव्हता. छापील ओळी वाचून 'पहाडी आवाज' असे म्हणत होतो. पहाडी म्हणजे काय, ते ऐकलेल्यांकडून उसने घेतलेले विशेषण होते. नंतर एका मित्राने कुठून तरी उतरवून घेतलेली एक ध्वनिफीत पाठवली, तेव्हा कळले की मोठेपणा आवाजाच्या उंचीत नाही, शब्द फेकण्यात आहे. ओळीच्या शेवटी तो माणूस श्वास घेत नाही, मध्ये घेतो. त्यामुळे अर्थ पुढच्या ओळीत उडी मारतो. छापील पानावर हे दिसत नाही. शाहिराची समीक्षा आवाजावाचून करणे म्हणजे नुसता मेनू वाचून जेवणावर मत देणे आहे, आणि ते मी दोनदा केले आहे.

ती ध्वनिफीत मित्राने कुठून घेतली, हे मी विचारले नाही. अमर शेख १९६९ साली गेले. त्यांच्या रचनांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत वारसांचा आहे. साधे सौजन्य म्हणूनही कोणाला विचारावे, असे आम्हा दोघांच्या मनात आले नाही. आपण तर भक्त! भक्ताला परवानगी कशाला?

आता तारप्याकडे येतो, कारण माझी खरी अडचण तिथे आहे.

दुधी भोपळा वाळवून पोकळ करायचा, त्यात बांबूच्या दोन नळ्या बसवायच्या, सांधे मेणाने बुजवायचे, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. तो मध्ये चालतो आणि एकमेकांच्या कमरेला हात घातलेली बायकापुरुषांची साखळी त्याच्याभोवती फिरते. त्याने चाल बदलली, की पावले बदलतात. त्याच्याकडे पाठ करायची नसते. भात तयार होऊ लागले की दिवाळीच्या दिवसांत पाड्यावर रात्र रात्र हे चालते.

या नाचाचे वर्तुळ आज साऱ्या जगाने पाहिले आहे. डहाणूकडच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणले, जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हॉटेलच्या भिंतीवर, साडीच्या पदरावर, चहाच्या कपावर, रेल्वे स्थानकांवर तो तारपावाला मध्यभागी फुगल्या गालांनी उभा आहे. पण तो वाजवतो काय? कप हातात घेणाऱ्या हजारातल्या एकाने तरी तो सूर ऐकला असेल का? डोळ्यांनी इतके प्रसिद्ध आणि कानांनी इतके अनोळखी संगीत मला दुसरे माहीत नाही. आमच्याच तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला फोन करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या स्नेह्यांचा पहिला प्रश्न होता : "तारपा म्हणजे नेमके काय हो?" नव्वदी ओलांडलेल्या त्या माणसाच्या घराण्यात हे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

जे काही ऐकायला मिळते, त्यातले बरेचसे निकृष्ट आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. कुठल्या तरी महोत्सवाच्या मंचावर, उन्हाळ्यात, पाहुण्यांच्या स्वागताला तीन मिनिटे. ध्वनिक्षेपक थेट कर्ण्यापुढे, त्यामुळे सूर फाटलेला. पावलांचा आवाज नाही, घुंगराची काठी जमिनीवर आपटते तो ठेका नाही. तारपा हे एकट्याचे वाद्यवादन नव्हे. त्याची दुसरी बाजू पायांत आहे. वर्तुळ वेगाने फिरू लागले की वाजवणाराही ओढला जातो, आणि क्षणभर कळेनासे होते की कोण कोणाला चालवतो आहे. हे मोखाड्याच्या बोहाड्यालाही लागू. मुखवटे सगळे टिपतात. संबळ आणि पिपाणी ही त्यांना चित्रामागची गडबड वाटते.

तर असे दुर्मिळ संगीत कोणी तरी पाड्यावर जाऊन नीट मुद्रित करावे, आणि सर्वांना फुकट ऐकू द्यावे, असे माझ्यासारख्याला सहज वाटते. पण इथे कायदा काय म्हणतो? ध्वनिमुद्रणाचा कर्ता तो, ज्याने ते करवून घेतले. फुंकणारा नव्हे, बटण दाबणारा. या हिशेबाने अब्बांच्या कॅसेटीचे मालक अब्बा! वाजवणाऱ्या-गाणाऱ्याला कलावंत म्हणून हक्क मिळाला तो १९९४च्या दुरुस्तीने. आधी पंचवीस वर्षांचा, मग १९९९च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांचा. कलावंताच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत डोंबारी आणि गारुडीसुद्धा आहेत, हे वाचून मला बरे वाटले होते. पण पाड्यावर मोबाईल घेऊन जाणाऱ्यांपैकी कितींना हे माहीत आहे? आणि चाल ज्याची त्याची म्हणावी, तर तारप्याच्या चालीला एक कर्ताच नाही. कर्ता नाही म्हणून हक्क नाही, हक्क नाही म्हणून मोकळे रान.

मोकळ्या रानात काय होते, याची एक गोष्ट जगाला ठाऊक आहे. सॉलोमन बेटांवर १९७० साली ह्यूगो झेम्प या संगीत-अभ्यासकाने अफुनाक्वा नावाच्या बाईची एक अंगाई मुद्रित केली. अभ्यासासाठी, युनेस्कोच्या मालिकेत ती तबकडी निघाली. १९९२ साली डीप फॉरेस्ट नावाच्या फ्रेंच जोडीने तो आवाज उचलून, त्याखाली यंत्राचा ठेका घालून गाणे केले. ते जगभर गाजले, जाहिरातींत वाजले. झेम्प यांनी विरोध केला. त्या बाईचे नावही त्या अल्बमवर नव्हते. आमच्या टपरीतल्या 'ट्रॅक ०१'मध्ये आणि यात फरक फक्त पैशाच्या आकड्याचा आहे.

आपल्या परंपरेकडे यावर काही आहे का? आहे. डिसेंबर १९८८मध्ये कुवेतच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला, की लेखन आणि शोध यांवरचे हक्क शरियतनेही राखलेले आहेत; त्यांवर हात टाकणे नाजायज. 'ज्ञान कोणाच्या मालकीचे नसते' असे म्हणून सर्रास छापणाऱ्यांना आणि उतरवून घेणाऱ्यांना तो ठराव अडचणीचा आहे. पण मला त्याहून उपयोगाचा वाटतो तो लुकत्याचा जुना नियम. वाटेत सापडलेल्या वस्तूला लुकता म्हणतात. हदीसमध्ये सांगितले आहे की सापडलेल्या थैलीची खूण नीट लक्षात ठेवा, वर्षभर तिची जाहीर विचारपूस करा. मालक आला नाही तर वापरा, पण नंतर कधीही आला तर त्याचे त्याला द्या. पाहा, यात तीन गोष्टी आहेत. वस्तू कुजू द्यायची नाही. ती आपली समजायची नाही. आणि मधल्या काळात गप्प बसायचे नाही, ओरडून विचारत राहायचे.

ज्या कृतीचा मालक सापडत नाही, तिच्यासाठी आपल्या प्रताधिकार कायद्यातही एक कलम आहे, ३१ अ. अर्ज करण्यापूर्वी वृत्तपत्रात जाहीर निवेदन द्यावे लागते. लुकत्याचीच पुकार, फक्त ती देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात. वाळवंड्याच्या किंवा मोखाड्याच्या कोणत्या पाड्यावर ते दैनिक जाते, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. पुकार तिथे व्हायला हवी जिथे मालक ऐकेल. कव्वालीच्या कॅसेटीची पुकार दर्ग्याच्या आवारात, तारप्याची पाड्यावर.

हे शक्य नाही, असे कोणी म्हणू नये. मुंबईत १९९०पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही हौशी संग्राहकांची संस्था उभी राहिली. सुरेश चांदवणकरांसारख्या भौतिकशास्त्राच्या माणसाने त्यात वर्षे घातली. तबकड्या एकत्र बसून ऐकायच्या, त्यांवरची नावे, सालें, क्रमांक नोंदवायचे, 'द रेकॉर्ड न्यूज'मध्ये छापायचे. तबकडी हाती असणे ही त्यांची मिरवण्याची बाब नव्हती. नोंद ही होती. याउलट संग्राहकांची दुसरी जातही आहे. दुर्मिळ तबकडी कपाटात ठेवून 'माझ्याकडे आहे' एवढेच सांगणारी. उतरवून घेणाऱ्या पोरांपेक्षा मला ही जात अधिक खटकते. पोरे निदान ऐकतात तरी.

एक कबुली राहिली. या लेखासाठी मी माझी दोन्ही कार्डे काढून बसलो आणि एकेक कव्वाली शोधून पाहिली. 'मिळत नाही' म्हणून मी ज्या घेतल्या होत्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक आज कंपन्यांनी स्वतःच, रीतसर, नावागावासकट ऐकायला ठेवलेल्या आहेत. म्हणजे माझे कारण कधीच शिळे झाले होते. सवय तेवढी ताजी राहिली. उरलेल्यांत बारा आवाज असे निघाले, जे मला ओळखता आले नाहीत. ते मी लिहून ठेवले आहेत, पहिल्या मिसऱ्यासकट, आणि येत्या उरुसात जुन्या लोकांना ऐकवणार आहे.

कॅसेटीची दुसरी बाजू सांगायची राहिली. तिच्यावर अकरा मिनिटे तारपा आहे. अब्बा त्या वर्षी दिवाळीत कामानिमित्त एका पाड्यावर मुक्कामाला राहिले होते, तिथला. वाजवणाऱ्याचे नाव त्यांनी लिहिले नाही. कव्वालीच्या बाजूवर मात्र तारीख, वार, कव्वालाचे गाव, सगळे सुवाच्य अक्षरात आहे. अब्बा सज्जन होते, कोणाचा पैसा त्यांनी ठेवला नाही. पण ही रिकामी चिठ्ठी पाहिली की वाईट वाटते.

मागच्या दिवाळीत ती बाजू मोबाईलमध्ये घेऊन मी त्या पाड्यावर गेलो. एका म्हातारीचा भाऊ त्या काळी तारपा वाजवत असे, असे कळले होते. अंगणात बसून तिने पूर्ण अकरा मिनिटे ऐकले. मधे एकदा तिची बोटे गुडघ्यावर हलली. मग म्हणाली, "हा आमचा नाही, गुरुजी. आमचा असा घाई नव्हता करत."

मी विचारले, "मग कोण असेल, आजी?"

तिने दोन नावे घेतली, दोन्ही माणसे गेलेली. शेजारच्या पाड्यावर विचारा म्हणाली. तेवढ्यात तिच्या नातवाने माझा मोबाईल हातात घेतला, आणि मी काही बोलायच्या आत ती अकरा मिनिटे त्याच्या मोबाईलमध्ये गेलीसुद्धा. मी त्याला थांबवले नाही. संध्याकाळी उतारावरून परतताना मागे कोणाच्या तरी घरात तो तारपा वाजू लागला होता, घाईचा, आणि त्यावर कोणी तरी पावले टाकून पाहत होते.